डावीकडचं पायदान

"उचल," पोपट म्हणाला.

"काय उचलू? गाडी का तुला?"

"गाडी. पुढनं-मागनं सगळी. चांगली वीतभर वर गेली पाहिजे."

मी टायरवर बसून चहा पीत होतो. आटपाडी रस्त्याला माझं कमानपाट्याचं गॅरेज. बाप बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवायचा, मी पिकअपच्या चाकाखालचं बघतो. आमच्या घराण्यानं एवढीच प्रगती केली. पोपट यमगर माझ्या शाळेतला. शाळेतला म्हणजे आम्ही दोघं एकाच दिवशी शाळेतनं पळालो, तेवढी ओळख जन्माला पुरली.

"पोपट, तुझ्या गाडीची ताकद मागच्या दोन चाकांत. पुढची दोन नुसती सोबतीला पळत्यात. उंच केली म्हणून पुढच्या चाकाला ताकद फुटत नाय. बुटक्याला फेटा बांधला तर बुटका तेवढाच राहतो, फेटा उंच दिसतो."

"उचलणार का दुसरीकडं जाऊ?"

"कशाला पाहिजे ते तर सांग."

"रुबाब," पोपट म्हणाला.

मी कप खाली ठेवला. ज्या माणसानं स्वतःच्या लग्नात मेव्हण्याचा कोट घातला, ज्याच्या चपलेला बायंडिंगची तार हाय, त्याला रुबाब पाहिजे होता. म्हणलं, असतं बाबा. वय झालं की कुणाला मोतीबिंदू होतो, कुणाला रुबाब.

ह्या गोष्टीला आता चार-पाच वर्षं झाली. बैलांच्या शर्यतीवरची बंदी उठली होती आणि आमच्या भागातली माणसं येड्यागत झाली होती. ज्याच्या दारात म्हैस नाय, तोबी बैलाच्या खुराकावर भाषण द्यायचा. पोपटच्या दारात मात्र खरंच बैल होता. चिमण्या. नावाला चिमण्या, अंगानं कोठीएवढा. पोपटच्या बापानं, आबानं, त्याला वासराचा बैल केलेला. चिमण्याला चाबूक लागत नव्हता, काठी लागत नव्हती. बंदीतल्या चोरट्या मैदानातबी शेवटच्या निशाणापाशी आबा उभा राहायचा आणि छाती फाडून हाळी द्यायचा, "चिमण्याऽऽ, ये बाळाऽऽ." त्या आवाजाकडं चिमण्या सुटायचा. जोडीचा गुलब्या नुसता फरफटत यायचा. सगळ्या तालुक्याला माहीत होतं, आबा नाय तर चिमण्या नाय.

आणि त्याच वर्षीच्या दिवाळीत आबाच्या छातीत कळ आली. मिरजेला नेलं, ठेवून घेतलं, आणलं. डॉक्टर काय म्हणाला ते पोपटनं कुणाला सांगितलं नाय. आबानं सगळ्यांना सांगितलं. "गॅस हाय म्हणाला."

वाघवाडीचं मैदान तोंडावर आलं होतं. बंदीनंतरचं आमच्या बाजूचं पहिलं मोठं मैदान. गावात एकच चर्चा, आबा येणार का? आणि ह्या गड्याला रुबाब सुचला होता.

बरं. उचलायला घेतली. मागं सोपं असतं. पाटं आणि धुरा ह्यांच्या मधी लोखंडी ठोकळा घालायचा, लांब यू-बोल्ट मारायचं, झालं. पुढं तसं नसतं. पुढं स्प्रिंगच्या डोक्यावर ठोकळा घातला की गाडी वर जाती, पण चाक ज्या हातांनी धरलेलं असतं ते हात खाली लोंबतात. मग चाकं वरच्या अंगानं बाहेर झुकतात. गाडी जॅकवरनं उतरवली आणि मी लांबनं बघितलं. नुकत्या चालायला लागलेल्या पोरानं चड्डीत केल्यावर जसं उभं राहतं, तशी उभी होती.

"रुबाब आला बघ," मी म्हणलं.

पोपट बघत होता, पण चाकाकडं नाय. दाराकडं. डाव्या दारापाशी जाऊन त्यानं पाय उचलला, पायदानावर ठेवला, काढला.

"हे पायदान काढून टाक."

"का?"

"बरं दिसत नाय."

"अरे गाडी वीतभर वर गेली, आता तर पायदान पाहिजे. चढायचं कशानं?"

"माझ्या पायानं."

"मग दोन्हीकडची काढतो."

"उजवीकडचं राहू दे. डावीकडचंच काढ. आणि दाराच्या आत धरायची दांडी हाय ना, तीबी काढ."

"उजवीकडची?"

"डावीकडची."

मी पाना हातात घेऊन त्याच्या तोंडाकडं बघत बसलो. आयुष्यात लई गिऱ्हाईकं बघितली. हॉर्नला तीन आवाज मागणारा बघितला, टपावर देव्हारा करून घेणारा बघितला. पण अर्धाच रुबाब मागणारा हा पहिलाच.

"एका मिशीला पीळ दिल्यागत दिसंल," मी म्हणलं.

"दिसू दे."

काढलं. गिऱ्हाईक म्हणजे देव, आणि देवाला अक्कल असलीच पाहिजे असं कुठं हाय?

मग अलायमेंट. आमच्याकडं मशिन नव्हतं. सुतळी आणि गवंड्याचा ओळंबा. सुतळी मागच्या चाकावरनं पुढच्या चाकापर्यंत ताणायची, म्हणजे पुढचं चाक कुठं तोंड करून उभं हाय ते कळतं. ओळंबा चाकाच्या वरच्या कडंला धरायचा, म्हणजे चाक किती कललंय ते कळतं. मग वरच्या हाताच्या बोल्टामागं पत्र्याच्या चकत्या सारायच्या, एक घाल, बघ, एक काढ, बघ. पोपटला सुतळी धरायला बसवला. त्याचं लक्ष कुठं होतं कुणास ठाऊक, सुतळी सारखी ढिली पडायची.

"ताण. सुतळी हाय, बायकोचा पदर नव्हं."

"मिस्त्री, सरळ चालंल एवढं बघ म्हणजे झालं."

"सरळ चालायची होती तर उचलली कशाला?"

चाकं सरळ झाली, पण पुरी नाय. डावीकडं जरा ओढ राहिलीच. म्हणलं, दोन दिवस चालव, स्प्रिंग बसू दे, परत चकत्या बघू. तर म्हणाला, दोन दिवसांनी मैदान हाय, तूच चल बरोबर. रस्त्यात काय झालं तर?

तसा मी मैदानाच्या दिवशी सकाळी पोपटच्या दारात हजर झालो, पिशवीत पानं, ओळंबा आणि चकत्या घेऊन. लोक मैदानाला गुलाल घेऊन जातात.

आमच्याकडं बैलवाल्याच्या दारात मातीचा ओटा असतो. गाडीची मागची फळी पाडून ओट्याला टेकवायची, बैल ओट्यावरनं सरळ गाडीत चालत जातो. उडी मारायला लावायची नाय, खुर दुखावतो. आता गाडी वीतभर वर गेली, मग ओटा खाली राहिला. पोपटनं दोन दिवस घाम गाळून ओट्यावर माती टाकली, पाणी मारून चोपली, कडंला दगड लावलं, आणि मागच्या बाजूनं अशी सोपी चढण काढली की हळदीची नवरी घागर घेऊन चढावी. चिमण्या आणि गुलब्या डुलत डुलत गाडीत गेले. मी मनात म्हणलं, एका रुबाबापायी केवढी मजुरी.

मग आबा बाहेर आला. धुतलेलं धोतर, पटका, खांद्याला टॉवेल. दिवाळीपासनं मी बघितला नव्हता. पटका तेवढाच होता, खालचा माणूस कमी झाला होता.

"मिस्त्री, तुम्हीबी व्हय? चला."

असं म्हणून आबा डाव्या दाराकडं गेला. दार उघडलं. पाय उचलला. पायदान जिथं असायचं तिथं वारा होता. हात वर घालून दांडी चाचपली. दांडी नव्हती. आबानं गाडीच्या पोटाखाली वाकून बघितलं. मग उजव्या बाजूला चालत गेला, तिथलं पायदान बघितलं, चपलेनं जरा दाबून बघितलं, परत डावीकडं आला.

पोपट टायरची हवा बघत होता. त्या टायरची हवा त्यानं त्या सकाळी किती वेळा बघितली असंल, देवाला ठाऊक.

"आबा," तो खालीच बघून म्हणाला, "गाडी जरा उंच झाली. तुम्हाला चढायचं नाय. ह्या टायमाला राहू द्या. फोन करतो की तिथनं."

आबानं टॉवेल झटकला, गाडीच्या मागं गेला, ओट्याची चढण चढला, फळीवरनं सरळ आत गेला आणि चिमण्याच्या मानेवर हात टाकून उभा राहिला.

"फळी लाव," आबा म्हणाला.

मी पोपटकडं बघितलं. पोपट ओट्याकडं बघत होता. स्वतःच्या हातानं चोपलेल्या ओट्याकडं.

गाडी निघाली. पोपट बैलगाडी हाकल्यागत चालवत होता. सायकलवाला दूधवाला आम्हाला मागं टाकून गेला, आणि जाताना बघून हसलाबी. स्टेअरिंग डावीकडं ओढत होतं, पोपट उजवीकडं धरत होता, आणि दर घडीला आरशात मागं बघत होता. आरशात चिमण्याचं शिंग आणि आबाचा पटका.

"डॉक्टर काय म्हणाला होता?" मी विचारलं.

त्यानं परत आरशात बघितलं. मग म्हणाला, "धूळ नको. ऊन नको. ओरडायचं तर अजिबात नको. ओरडला तर तिथंच बसंल म्हणाला."

"मग हे आबाला सांगायचं."

"कुणाला?"

"आबाला."

"तू तुझ्या बापाला कधी काय सांगितलंस?"

माझा बाप जाऊन एवढी वर्षं झाली, मी अजून बिडी मागच्या दारी जाऊन ओढतो.

"म्हणून तू गाडी उचललीस," मी म्हणलं.

"व्हय."

"आधी बोलला असतास तर अजून वीतभर उचलली असती."

"मग ओटाबी वीतभर वाढवायला लागला असता."

"ओटा वाढवायचाच कशाला, गाढवा?"

"मग बैल कसं चढायचं?"

बापाला अडवायला गाडी उंच केली, आणि बैल अडू नये म्हणून बापाला वाट बांधून दिली. मी खिडकीतनं बाहेर बघून हसून घेतलं. तोबी हसला असता, पण त्याच्या कपाळावर घाम होता.

वाघवाडीला पोचलो. पोपटनं गाडी मुद्दाम मैदानाच्या पार ह्या टोकाला लावली, जिथनं शर्यत सुटती तिथं. निशाण पार त्या टोकाला, मधी सगळं नांगरलेलं रान आणि माणसांची भिंत. आबाला गाडीतनं उतरवायला तिथं एवढ्या उंच गाडीला चालंल असा ओटा नव्हता, आणि पोपट तसं म्हणालाही, "हितनंच बघा आबा, उंचावरनं चांगलं दिसतंय." बैल आम्ही फळी तिरकी लावून, पेंढी दाखवून कसंबसं उतरवलं. आबा वरच राहिला. गाडीत एकटाच, कठड्याला धरून, इलेक्शनला उभा राहिल्यागत.

गटात चिमण्या पहिला आला. सेमीत त्याच्याबरोबर सगळी दांडगी बैलं. सुटला तसा बाणागत सुटला. अर्ध्या वाटंपर्यंत पुढं होता. मग त्यानं कान टवकारलं. लांबनं दिसतं ते मला. कान एकदा इकडं, एकदा तिकडं. जो आवाज यायचा तो येत नव्हता. पाय ढिला पडला आणि दुसराच बैल निशाण घेऊन गेला.

मी आबाकडं बघितलं. आबाचं तोंड उघडं होतं, हात कठड्यावर घट्ट. पण तो ओरडला नाय. हितनं ओरडला असता तर चिमण्या मागं फिरला असता, हे त्याला आमच्यापेक्षा जास्त कळत होतं.

पोपट बैल घेऊन आला. आबानं विचारलं, "पाय बघितलास का त्याचा?"

"बघितला. बरा हाय."

"मग भरा गाडी."

शर्यतीचं एका शब्दानं बोलला नाय. शिव्या दिल्या असत्या तर पोपटला बरं वाटलं असतं.

आता बैल परत भरायचं कसं? मैदानातलं ओटं सगळं साध्या गाडीच्या मापाचं. आमची रुबाबाची. उतरवताना पेंढी दाखवून जमलं, पण दमलेला बैल पेंढी बघून वर उडी मारत नाय. पोपटला शक्कल सुचली. कडंला पाटाच्या पाण्याची एक चारी होती. म्हणाला, मागची चाकं चारीत उतरवतो, गाडी खाली बसंल, काठावरनं बैल सरळ आत. मी म्हणलं, चारीत पाणी येऊन गेलंय. म्हणाला, वरनं सुकलंय.

वरनं सुकलंच होतं. खाली खीर होती. मागची चाकं उतरली ती धुऱ्यापर्यंत बसली. पोपटनं रेस दिली तशी चाकं जागच्या जागी फिरली, चिखल माझ्या अंगभर. आणि पुढची दोन चाकं, माझ्या हातानं सुतळी लावून सरळ केलेली, कोरड्या जमिनीवर ऐटीत उभी. नुसती सोबतीला.

हां हां म्हणता माणसं जमली. हरलेल्या बैलापेक्षा रुतलेली गाडी बघायला जास्त येतात.

"एवढी उंच गाडी, फोर व्हील असंल की," एकजण म्हणाला.

"पुढचा गिअर टाका पावणं," दुसरा.

"पुढचा गिअर घरी राहिलाय," मी म्हणलं.

एक ट्रॅक्टरवाला आला. म्हणाला, ओढतो, पण थांबा, आधी व्हिडिओ काढतो. तेवढ्यात आबाचा आवाज आला. गाडी मागं बसल्यामुळं आता काठ आणि फळी एका पातळीत आली होती. आबा आपल्या पायानं चालत खाली उतरला.

"ट्रॅक्टर नको. माझ्या बैलाची गाडी ट्रॅक्टरनं ओढलेली मी बघणार नाय. सोल बांधा. जू घ्या."

"आबा, दमल्यात ती," पोपट म्हणाला.

"दमली नाईत. हरल्यात. दोन्हीत फरक असतो."

पुढच्या बंपरच्या हुकाला सोलाचा जाड दोर बांधला, चिमण्या-गुलब्याला जुंपलं. मी स्टेअरिंगवर बसलो. पोपट कासऱ्यापाशी. आबा पुढं चालत गेला, पन्नासभर पावलं, बैलाकडं तोंड करून उभा राहिला. पटका सारखा केला. छाती भरून श्वास घेतला. मला काचंतनं सगळं दिसत होतं.

पोपटनं कासरा टाकला आणि पळाला. चिखलातनं, एक चप्पल तिथंच ठेवून. आबाच्या पुढं जाऊन उभा राहिला आणि दोन्ही हात आडवं केलं.

"ओरडू नका."

"बाजूला हो."

"आबा, ओरडू नका. डॉक्टरनं नको म्हणलंय. गॅस नाय तो. तुम्हाला काय झालं तर मी काय करू? मला भ्या वाटतंय."

सगळं मैदान ऐकत होतं. ट्रॅक्टरवाल्यानं मोबाईल खाली घेतला. पोपट एवढी वाक्यं एका दमात बोलू शकतो, हे मला शाळेपासनं माहीत नव्हतं.

आबानं भरलेला श्वास सोडला. हळूहळू सोडला. मग पोपटकडं वरनं खाली बघितलं, त्याच्या एका अनवाणी पायापर्यंत.

"हेच सांगायचं होतं?"

"व्हय."

"घरी सांगितलं असतं तर?"

"तुम्ही ऐकलं नसतं."

"नसतंच ऐकलं," आबा म्हणाला. "पर तू सांगायचं तरी. त्यापायी सगळी गाडी उचलली व्हय रं?"

कुणीतरी मागं फसकन हसलं. मीच असंन.

"मग गाडी हितंच ठेवायची का?" आबा म्हणाला. "मी ओरडायचं नाय, तर तू ओरड."

"मी?"

"तुझ्या गळ्यात काय हाडूक अडकलंय?"

पोपट बैलाकडं तोंड करून उभा राहिला. एकदा खाकरला. "चिमण्या," म्हणाला. हाटेलात चहा सांगितल्यागत.

"जेवायला बोलावतोस का?" आबा म्हणाला. "पोटातनं ओढ."

"चिमण्याऽ."

"अजून."

"चिमण्याऽऽ, ये बाळाऽऽ."

आवाज मधीच फाटला. कोंबड्यागत गेला. पण चिमण्यानं कान उभं केलं. त्यानं एकदा आबाकडं बघितलं. आबा नुसता उभा होता, तोंड मिटून. मग चिमण्यानं पोपटकडं बघितलं, मान खाली घातली आणि जू खांद्यावर घेतलं. मी क्लच सोडला. सोल ताणला, कुरकुरला. पोपट ओरडत मागं मागं सरत होता, बाळा बाळा करत, आणि गाडी चिखलातनं बाहेर आली ती त्याच्या अंगावरच येत होती. दोन चाकांची ताकद आणि आठ पायांची. ब्रेक मी दाबला, नायतर डॉक्टर पोपटला लागला असता.

पलीकडं एक उंच बांध होता. चांगला कोरडा, गाडीच्या मापाचा. तो सकाळपासनं तिथंच होता. बैल त्यावरनं गुमान आत गेलं. आबाबी त्यांच्या मागनं निघाला, तर पोपट म्हणाला, "आबा, पुढं बसा."

"कशावरनं चढू? तुझ्या रुबाबावरनं?"

पोपटनं डावं दार उघडलं. वाकला, आबाच्या गुडघ्याखाली एक हात घातला, पाठीमागं एक, आणि उचलला. आबानं धडपड केली, पटका सुटला, "सोड, माणसं बघत्यात," म्हणाला. पोपटनं सोडला नाय. सीटवर नेऊन ठेवला, धोतराचा सोगा दारात अडकू नये म्हणून आत सारला आणि दार हळू लावलं. दारापाशी जरा उभाच राहिला. मला म्हणाला, "काय वजनच नाय रे."

आबा सीटवर बसून पटका गुंडाळत होता. काचंतनं लांब बघितलं.

"लई लांबचं दिसतंय हितनं," म्हणाला.

"उद्या खाली करून घेतो," पोपट म्हणाला.

"कशाला? राहू दे. पायदान तेवढं लाव." मग खिडकीतनं माझ्याकडं वळला. "मिस्त्री, हिकडं ओढती का हो गाडी?"

"जरा ओढती. डावीकडं."

"सकाळी मागं उभं राहून पायाला कळत होतं. ती ओढ तेवढी काढा. आणि आता तुम्ही मागं जावा. हितं दोघांचीच जागा हाय."

तसा मी मागं गेलो. वाटभर चिमण्याशेजारी उभा होतो, कठड्याला धरून, अंगभर चिखल. पुढं काचंपलीकडं ती दोघं सारखी बोलत होती. काय बोलत होती ते ऐकायला मी जरा वाकलो, तर चिमण्यानं शेपूट उचललं.